केझायाने उतरवून घेतलेलं नाव

"रूबेन... ऑझरी... ग्लिडन."

अशी हाक यायची. संध्याकाळी, सफरचंदांच्या बागेच्या फाटकातून. तीन नावं आणि मधे दोन श्वास. पहिलं नाव ओढ्यापाशी पोचायचं, तिसरं आमच्या परसात उतरायचं आणि मधलं मात्र टेकडी चढून जायचं, मोठ्या घराच्या खिडक्यांपर्यंत.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. आमच्याकडे पोराला पुऱ्या नावाने हाक मारली की समजावं, काहीतरी फुटलंय, सांडलंय, नाहीतर कुणीतरी तक्रार घेऊन दारात उभं आहे. एरवी रूब, टॉम, नेल एवढ्यावर भागतं. केझाया ग्लिडन मात्र आपल्या मुलाला रोज पुऱ्या नावाने बोलवायची, त्याने काही केलेलं नसताना. आवाजात राग नसायचा. रानातून बोरं वेचून आणलेल्या बाईने एप्रन उघडून दाखवावा, तसं ती नाव उघडून दाखवायची. आणि रूबेन धावत यायचा तो खाली मान घालून, कानाच्या पाळ्या लाल करून.

ऑझरी हे टेकडीवरच्या घराचं आडनाव. केझाया त्या घराच्या दूधदुभत्याच्या खोलीत कामाला होती. एकोणिसाव्या वर्षी ती पोटुशी होऊन खाली आली आणि पुन्हा कधी ती वाट चढली नाही. तिला नवरा नव्हता. इंग्लंडातल्या आमच्या डेव्हनमध्ये अशी वेळ आलेल्या बायका एक करत. बापाचं आडनाव मुलाच्या शेवटी लावता येत नाही, म्हणून ते मधे लावत. त्यावर ना कायद्याला बोट ठेवता येई, ना पाद्र्याला. मधल्या नावाला कुणी जाब विचारत नाही. ते आजोळचं असतं, धर्मपित्याचं असतं, आजोबा जिथून एक पाय घेऊन परतले त्या लढाईचंसुद्धा असतं. पहिलं नाव आईबापांच्या आवडीचं, शेवटचं वाडवडिलांचं आणि मधलं म्हणजे घरातली ती एक खोली, जिथे जे कुठेच ठेवता येत नाही ते ठेवून दार ओढून घेतात.

माझे वडील आमच्या चर्चचे कारकून होते. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, दफनाची वही, सगळ्या माझ्या हाताखालच्या. चाळीस वर्षं मी गावाची नावं लिहीत आले आणि अजून मला त्यांचा कंटाळा आलेला नाही. पूर्वजांच्या धंद्यावरून पडलेल्या कुणाच्या आडनावात अजून बाण तासले जातात, कुणाच्यात पिंपं ठोकली जातात. एका घराचं आडनाव नुसतं 'यो' आहे, श्वासाएवढं. ते घर सातशे वर्षं तेवढ्याशा नावात सुखाने राहिलंय.

१९५७ सालच्या शरदात नवे पाद्री आले, मिस्टर राइट्सन, लंडनचे. त्यांना गावातली नावं उच्चारायला शिकवणं माझ्याकडे होतं. नाहीतर पहिल्याच रविवारी निम्म्या गावाला वाटलं असतं, हे दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. थोरामोठ्यांची नावं त्यांना येत होती. कागदावर चोलमोंडेली आणि तोंडात चमली, लिहायचं फेदरस्टोनहॉ आणि म्हणायचं फॅनशॉ, हे ते शाळेतच शिकले होते. पण आमच्याकडे पाटीवर वुल्फर्डिस्वर्दी लिहिलेल्या गावाला बसचा कंडक्टर वूल्झरीचं तिकीट फाडतो, हे ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. मग मी त्यांना चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवरची, मृतांच्या स्मरणाची संगमरवरी फरशी दाखवली. तिच्यावर टेकडीवरच्या घराचं नाव कोरलेलं आहे, ऑस्मंड्सवर्दी. इंग्रजीत चौदा अक्षरं, आणि त्यांतली बोलतात चार-पाच. उच्चार ऑझरी.

मग बाकीची ठेवलीत कशाला, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "गुत्त्याबाहेरच्या बाकावर म्हातारे बसतात ते पाहिलेत ना, पाद्रीसाहेब? काम करत नाहीत, बोलत नाहीत. पण उठा म्हणून त्यांना कोण सांगणार? आणि तुमच्या नावात तर तिघे मुके बसलेत. डब्ल्यू, जी आणि एच."

त्यांनी बोटांवर मोजलं आणि मला आणखी एक कप चहा ओतून दिला. तिथपासून आमचं जमलं.

रूबेन मोठा होऊन छपरं शाकारायला लागला. त्याच्या हातचं छप्पर लांबून ओळखू येतं. कडेला अशी एकसारखी लव असते, जणू घराचे केस कुणीतरी मायेने विंचरलेत. त्याच्या आईला जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती आणि तिच्यानंतर ते मधलं नाव कुणाच्या तोंडून ऐकू आलं नव्हतं. रूबेनने त्याची घडी घालून त्याचं एक अक्षर केलं होतं. सही आर. ओ. ग्लिडन. ओ म्हणजे काय असं नव्या माणसाने विचारलंच तर सांगायचा, ऑलिव्हर. जुन्या माणसांना ठाऊक होतं, पण कुणी त्याला टोकत नसे. पोरींनी मात्र दोरीवर उड्या मारायला एक गाणं केलं होतं:

रूबेन ओ, रूबेन ओ,
मधला ओ हा कशाचा?
ओकच्या त्या फांदीचा की
ओव्हनमधल्या पावाचा?

तो शिडीवरून खाली बघून म्हणायचा, पावाचाच असणार, मला भूक फार लागते.

पंचावन्नाव्या वर्षी तो प्रेमात पडला. थर्झा वेस्टअवे आमच्या पोस्टाच्या खिडकीमागे बसते. विधवा, एकोणपन्नाशीची, जिभेची तिखट आणि हाताची सढळ. तिच्या छपराच्या गळतीसाठी तो आला आणि एका खोलीएवढं काम त्याने तीन आठवडे पुरवलं. शेवटी तिनेच त्याला विचारलं म्हणे, की आता उरलेल्या छपराखाली राहायलाच येतोस का.

आमच्याकडे चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी तीन रविवार भर प्रार्थनेत दोघांची नावं पुकारावी लागतात. पूर्ण नावं. पाद्री वेदीसमोर उभे राहून ती वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोलावं. मग एक क्षण सगळं चर्च गप्प असतं. गावात कुणाकुणाची मधली नावं काय आहेत हे आम्हाला त्याच तीन रविवारी कळतं. आमचा लोहार हायसिंथ निघाला होता, म्हणजे एक नाजूक फूल. वर्षभर त्याच्याकडे घोडा घेऊन जाणारा माणूस आधी बाहेर उभा राहून हसू आवरायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी रूबेन माझ्या दारात उभा राहिला. टोपीवर गव्हाचा पेंढा तसाच होता. आत ये म्हटलं तर आला, बस म्हटलं तर बसला नाही. पुकारायच्या कागदावर मधे नुसता ओ लिही, अशी त्याची विनंती होती. मी सांगितलं, एकटं अक्षर पुकारता येत नाही. पाद्रीसाहेबांना मी आधीच विचारलं होतं; ते म्हणाले होते की माणसाला ज्या नावाने लोक ओळखतात तेवढं कायद्याला पुरतं, मधलं नाव गाळायचं की ठेवायचं ते त्याने ठरवावं.

"मग गाळ," तो म्हणाला. "पण थर्झा ऐकत नाही. तिला तू सांग."

थर्झाला ते नाव कधीपासूनच ठाऊक होतं. गावातला एकही सरकारी कागद तिच्या खिडकीवरून गेल्याशिवाय राहत नाही. तिने रूबेनला सुनावलं होतं, "पार्सल घ्यायचं तरी मी माणसाकडून पुरं नाव लिहून घेते. नवरा काय अर्ध्या नावावर सोडवून घेऊ?" पुरं नाव पुकारलं तर चर्चमध्ये लग्न, नाहीतर लग्नच नाही, आणि यावर ती ठाम होती. त्याला वाटलं होतं, मी मधे पडेन.

मी त्याला विचारलं, तुला नेमकी भीती कशाची आहे. तो टोपी फिरवू लागला. मग म्हणाला की टेकडीवर आता एकट्या मिस लव्हिनियाच उरल्यात. भाऊ पहिल्या महायुद्धात गेला, बाप त्यानंतर पाच वर्षांनी. दर रविवारी त्या त्यांच्या घराण्याच्या फरशीखाली बसतात. त्यांनी आपलं कधी काही वाकडं केलं नाही. फाटकावरच्या घराचं छप्पर आपल्याकडूनच करून घेतात, 'ग्लिडन, छान झालं' म्हणतात. आणि आपण त्यांच्या तोंडावर, गावासमोर त्यांच्या बापाचं नाव पुकारायचं? लोक म्हणतील, म्हातारपणी हिस्सा मागायला निघाला.

"आणि खरं सांगू, हेस्टर?" तो म्हणाला. "आई ते नाव रोज टेकडीवर फेकायची. दगड फेकावा तसं. तो दगड मी होतो."

मी उठले, कपाटातून १९०३ सालची बाप्तिस्म्याची वही काढली आणि त्याचं पान उघडलं. त्या पानात एक घडी घातलेला कागद होता. माझ्या वडिलांनी तो तिथे ठेवला होता आणि मरण्याआधी मला त्याची गोष्ट सांगितली होती. ती मी रूबेनला सांगितली.

पोटात रूबेन असताना केझायाने माझ्या वडिलांकडे चर्चमधल्या भिंतींवरच्या फरशा पुसायचं काम मागितलं. सातवा महिना होता. वडील म्हणाले, बस की घरी. ती म्हणाली, मला पुसायचंच आहे. तिला लिहायला धड येत नव्हतं, शाळा नवव्या वर्षी सुटली होती. आणि ते नाव असं, की नुसतं ऐकून कुणाला लिहिता येऊ नये. ऑझरी म्हणणाऱ्या तोंडातून ती चौदा अक्षरं कुठून बाहेर पडणार? पाद्र्याने विचारलं, कसं लिहायचं, आणि तिला सांगता आलं नाही, तर तो म्हणणार, मग राहू दे. हे तिला कळलं होतं. वडिलांनी तिला चार शुक्रवार पाहिलं, उत्तरेकडच्या फरशीसमोर, एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. एक अक्षर पुसायची आणि एक उतरवून घ्यायची. वडील घंटेच्या दोराला तेल द्यायला निघून गेले. दोराला कुणी तेल देत नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी तेव्हाचे पाद्री म्हणाले, बाळाचं नाव सांगा. तिने सांगितलं. ते थांबले, म्हणाले, पुन्हा सांग, म्हणजे तिला सुधारायची संधी दिली. तिने पुन्हा तेच सांगितलं, मघापेक्षा हळू आणि स्पष्ट. तेव्हा मोठ्या घराची सगळी माणसं त्यांच्या बाकावर होती. मग पाद्र्यांनी विचारलं, हे लिहायचं कसं. तिने झग्याच्या खिशातून कागद काढून माझ्या वडिलांच्या हातात दिला.

रूबेनने कागदाची घडी उलगडली. पेन्सिलीच्या रेघा फिक्या झाल्या होत्या. ते नाव तिने एकदा नाही, अकरा वेळा लिहिलं होतं. आधीच्या ओळी वेड्यावाकड्या. एकीत डी उलटा, एकीत ई राहून गेलेला आणि मग वर कोंबलेला. खाली खाली येत अक्षरं सरळ होत गेलेली. शेवटच्या तीन ओळींत ते एकटं नव्हतं. अलीकडे रूबेन होतं, पलीकडे ग्लिडन, आणि मधे एकही अक्षर न गाळता ते सगळं, बोलणारं आणि मुकं. शेवटच्या ओळीखाली तिने एक वेल काढली होती.

छपराच्या कडेला गवत कसं बसलंय ते बोटाने तपासतात, तसा तो त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला.

"दगड फेकणारी बाई त्याच्यावर अकरा वेळा नक्षी करत बसत नाही, रूब," मी म्हटलं.

त्याने कागद माझ्या हातात परत दिला. वहीतच राहू दे, म्हणाला. मग टेबलावरचा दौत-टाक ओढून तो उभ्या उभ्याच पुकारायच्या कागदावर आपलं नाव लिहू लागला. मधल्या नावापाशी थांबून त्याने आईच्या कागदाकडे दोनदा पाहिलं. पंचावन्न वर्षांत त्याने ते पुरं कधी लिहिलंच नव्हतं.

पाद्रीसाहेबांनी मला शनिवारी विचारलं, उच्चार टेकडीवरच्या घरासारखाच करायचा ना. मी म्हटलं, अगदी तसाच.

पहिल्या रविवारी त्यांनी नावं वाचली. रूबेन ऑझरी ग्लिडन, अविवाहित. थर्झा वेस्टअवे, विधवा. दोघेही याच गावचे. मी ऑर्गनच्या पेटीशेजारी बसले होते, मला सगळे बाक दिसतात. कुणीही मिस लव्हिनियांकडे पाहिलं नाही, आणि चर्चभरची माणसं एकाच बाजूला न पाहण्याची इतकी खटपट करताना मी कधी पाहिली नव्हती. हरकत विचारली गेली. तो एक क्षण मला एखाद्या दुपारएवढा लांब वाटला. मिस लव्हिनिया समोर बघत होत्या. मग त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान उलटलं.

दुसऱ्या रविवारी त्या आल्या नाहीत. बाक रिकामा होता. पोस्टाच्या रांगेत बोलणं झालंच: कुणी म्हणालं, सर्दी आहे, कुणी म्हणालं, सर्दी कशाची, वकील आलाय. थर्झाने शिक्का इतक्या जोरात मारला म्हणे, की बोलणाऱ्या बाईच्या पाकिटावरचं तिकीट फाटलं. रूबेन त्या आठवड्यात कामावर गेला नाही. माझ्याकडे येऊन म्हणाला, मी चूक केली, म्हाताऱ्या बाईला तिच्याच बाकावरून उठवलं. तिसरा रविवार नको, नोंदणी कचेरीत जाऊन काय ते करून टाकतो. मी त्याला थर्झाकडे पाठवलं. ती काय बोलली मला ठाऊक नाही. पण तिसऱ्या रविवारी तो तिच्याशेजारी होता, नव्या कॉलरमध्ये मान अडकल्यासारखा.

आणि मिस लव्हिनियाही होत्या, आपल्या जागी. नावं पुकारली गेली, हरकत विचारली गेली, कुणी बोललं नाही.

लग्न एप्रिलमध्ये झालं. खिडक्यांच्या कठड्यांवर बायकांनी प्रिमरोझची पिवळी फुलं काचेच्या बरण्यांतून मांडली होती. आमच्याकडे नवरीची माणसं डावीकडे बसतात, नवऱ्याची उजवीकडे. डावीकडे थर्झाच्या बहिणी, भाचे आणि अर्धं पोस्ट. उजवीकडे रूबेनचा शाकारणीचा जोडीदार विल्यम स्क्वान्स, त्याची बायको आणि गवत पुरवणारा एक शेतकरी. पुढचे तीन बाक मोकळे. रक्ताच्या माणसांची जागा ती. तिथे बसायला त्याला कुणी नव्हतं.

दारात उभं राहून कोण कुठल्या बाजूचं ते विचारायचं काम माझ्याकडे होतं. घंटा थांबायच्या बेतात असताना मिस लव्हिनिया आल्या. करडा कोट, तोच नेहमीचा. मी रीतीप्रमाणे विचारलं, बाईसाहेब, नवरीकडच्या की नवऱ्याकडच्या. विचारल्यावर माझीच जीभ चावली.

भिंतीलगतच्या स्वतःच्या बाकाकडे न वळता त्या मधल्या वाटेने सरळ चालत गेल्या आणि उजवीकडच्या पहिल्या बाकावर एकट्या बसल्या. रूबेन वेदीपाशी पाठमोरा उभा होता, त्याला दिसलं नाही. थर्झाला आत येताना दिसलं. तिची पावलं तिथे जरा थबकली.

शपथा झाल्या, अंगठी झाली. मग सही करायला आम्ही मागच्या खोलीत गेलो: नवरा-नवरी, पाद्रीसाहेब, साक्षीला विल्यम आणि थर्झाची थोरली बहीण, वही धरायला मी. मिस लव्हिनिया आमच्यामागून आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खोली लहान आहे; त्या पाद्र्यांच्या झग्यांच्या खुंट्यांखाली उभ्या राहिल्या.

पाद्रीसाहेब लिहू लागले. तारीख, नावं, वयं. छपरं शाकारणारा, पोस्टमास्तरीण. मग वडिलांचा रकाना आला. थर्झाने सांगितलं, जॉर्ज प्राउस, चक्कीवाले, आता हयात नाहीत. तेही लिहून झालं.

रूबेनच्या रकान्यापाशी टाक थांबला. बिनबापाच्या माणसासाठी तिथे एक आडवी रेघ मारतात. माझ्या वह्यांमध्ये अशा पुष्कळ रेघा आहेत, काही माझ्याच हातच्या. पाद्रीसाहेब भला माणूस; त्यांनी काही विचारलं नाही, रूबेनला बोलायला लावलं नाही. हळूच पट्टी उचलली आणि कागदावर ठेवली. रूबेन आपल्या बुटांकडे बघत होता. थर्झाने त्याचा दंड धरला.

"पट्टी उचला, पाद्रीसाहेब."

मिस लव्हिनिया पुढे आल्या होत्या. उजव्या हातातला मोजा त्या काढत होत्या, एकेक बोट सोडवत. त्यांनी रूबेनकडे पाहिलं नाही. वहीतल्या त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहत त्या बोलल्या.

"एडमंड ऑझरी, असं लिहा. व्यवसाय काही नव्हता, हातून काही झालं नाही, जमीनदार लिहा. हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे आणि मी कुणाला सांगितलं नाही. भ्याले मी. रूबेन माझा भाऊ आहे."